सम्राटाची काकडी आणि लेकीचा पालक

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी दोघातिघांनी "ताई, ब्लॉग बंद केलात की काय?" असं विचारलं. धाकटी जाऊ तर फोनवर रागेच भरली. बंद नाही केला हो. वाचत होते. का वाचत होते आणि त्यातून हाती काय लागलं, ते आज सांगते. जरा लांबण लागेल, पण चाळीस मिनिटांच्या तासाची सवय असलेल्या बाईला एवढं चालवून घ्या.

माझी लेक आणि जावई अमेरिकेत मेन राज्यात राहतात, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. नकाशात अगदी ईशान्येचा कोपरा, वर लगेच कॅनडा. जावई तिथलाच. सुतारकाम करतो. लेक आठवड्यातले तीन दिवस नोकरी करते. उरलेला सगळा वेळ दोघं आपल्या चार एकरांत राबतात. कोंबड्या, भाजीपाला, थोडी फळझाडं, आणि शनिवारच्या बाजारात एक टेबल. असं स्वतःच्या जागेवर राहून जमेल तेवढं स्वतः पिकवून खाणं, याला तिकडे होमस्टेड म्हणतात. माझ्या नातेवाइकांत याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत एका पहाटे तिचा फोन आला. "आई, टनेल बसलं गं." एवढंच म्हणाली. रात्रभर ओला बर्फ पडला होता आणि त्यांचं हरितगृह त्याखाली चेपलं होतं. लोखंडी कमानी मधोमध वाकून जमिनीला टेकल्या होत्या. आत पालक होता, गाजरं होती. सांगाडा कुणाकडून तरी जुना घेतलेला, पण त्यातही तीन वर्षांची शिल्लक गेली होती.

मी काय बोलले ते खरं सांगते, कारण ही नोंद त्याचसाठी आहे. मी म्हणाले, "आता पुरे कर. निसर्गाशी भांडण कशाला? जिथे हिवाळ्यात भाजी येत नाही तिथे ती आणू नये." ती गप्प झाली. पुढचे बारा दिवस तिचा फोन आला नाही.

मी शेतकऱ्याची मुलगी. माझ्या लहानपणी एका मार्चमध्ये गारा पडल्या आणि उभा गहू वीस मिनिटांत आडवा झाला. वडील ओट्यावर बसून बघत होते. माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी ते म्हणाले होते, "आता तुझं पीक दर एक तारखेला येणार." ते वाक्य मी आयुष्यभर जपलं. त्यामुळे लेक उलट दिशेने निघाली तेव्हा मला ते पटणं शक्यच नव्हतं.

तर त्या बारा दिवसांत मी वाचायला बसले. इतिहास शिकवत आले, तेव्हा भांडायलासुद्धा पुरावा गोळा करून जायची खोड. बर्फाळ देशात छपराखाली भाजी लावणं हा कसा श्रीमंतांचा शौक आहे, हे तिला दाखवून द्यायचं होतं. सुरुवात तर मनासारखी झाली.

रोमचा सम्राट टायबेरियस, इसवी सन १४ ते ३७ या काळातला. प्लिनी नावाचा रोमन लेखक लिहून गेला आहे की या सम्राटाच्या पानात काकडी नाही असा एक दिवस जात नसे. (काही अभ्यासकांच्या मते ती आपली काकडी नसून खरबुजाच्या कुळातलं लांबट फळ असावं. असो.) थंडीत काकडी येणार कुठून? तर माळ्यांनी चाकांवर वाफे केले होते. ऊन असेल तेव्हा वाफे उन्हात ओढायचे, गारठा पडला की आत घ्यायचे आणि वर पारदर्शक दगडाची तावदानं लावायची. काचेसारखे पातळ पत्रे निघणारं एक प्रकारचं जिप्सम असतं, त्याची ही तावदानं. एका माणसाच्या काकडीसाठी केवढा हा खटाटोप!

पुढे पंधराव्या शतकात कोरियात राजवैद्याने लिहिलेल्या 'सान्गा योरोक' या पुस्तकात चक्क गरम हरितगृहाचं वर्णन आहे. तीन बाजूंनी मातीच्या भिंती, जमिनीखालून चुलीची ऊब फिरवलेली, आणि उजेडासाठी तेल लावलेला कागद. हे पुस्तक २००१ साली हाती लागलं, त्यामुळे माझ्या शाळेच्या दिवसांत हे शिकवायला कुणाजवळच नव्हतं. पण तिथेही चूल, सरपण आणि राखणदार आलेच. गरिबाचं काम नव्हे.

मग इंग्लंड. तिथे काचेवर वजनावर कर होता. १७४५ साली बसवलेला हा कर १८४५ साली उठला. शंभर वर्षं काच ही चैनीची वस्तू राहिली. हरितगृहं होती, पण ती उमरावांच्या बागांत, संत्र्यांसाठी आणि अननसांसाठी. कर उठल्यावर सहाच वर्षांत, १८५१ साली, लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, ज्याला सुमारे तीन लाख तावदानं लागली. तो ज्याने आखला तो जोसेफ पॅक्स्टन पेशाने वास्तुविशारद नव्हता. डेव्हनशरच्या ड्यूकच्या बागेचा मुख्य माळी होता तो. जगप्रसिद्ध प्रदर्शनाचा महाल म्हणजे मुळात एका माळ्याचं थोरलं हरितगृह होतं, ही गोष्ट मी तीस वर्षं औद्योगिक क्रांती शिकवूनही मुलांना कधी सांगितली नाही. आता हळहळ वाटते.

इथवर माझा मुद्दा भक्कम होता. सम्राट, राजवैद्य, ड्यूक. झालं, आता फोन लावते, असं म्हणेपर्यंत पॅरिसच्या माळ्यांनी घोटाळा केला.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आसपास छोट्या छोट्या तुकड्यांवर भाजी पिकवणारे माळी होते. एकेकाची जागा एकरा-दोन एकरांची. त्यांच्याजवळ महाल नव्हते. काचेच्या घंटा होत्या, एकेका रोपावर पालथ्या घालायच्या. लाकडी चौकटीच्या तावदानी पेट्या होत्या. आणि शहरातल्या घोड्यांची लीद होती. ताजी लीद थर देऊन दाबली की ती कुजताना तापते. त्यावर मातीचा वाफा, वर काच. एवढ्या भांडवलावर ही माणसं ऐन जानेवारीत कोवळा सॅलड बाजारात आणत. १८४५ साली मोरो आणि दावेर्न या दोघा माळ्यांनी आपल्या कामाचं पुस्तकच लिहिलं. म्हणजे इंग्लंडमध्ये काचेचा कर उठला त्याच वर्षी. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, लीद गेली आणि तो धंदाही मागे पडला. पण माझा "श्रीमंतांचा शौक" हा मुद्दा तिथेच लंगडा झाला.

त्यानंतरचा भाग वाचला आणि मुद्दा पुरताच कोसळला.

१९३३ च्या मार्चमध्ये इंग्लंडमध्ये एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन हे दोघे भलताच प्रयोग करत होते. भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. तेच पॉलिथिन. महायुद्धात ते रडारच्या तारांवर आवरण म्हणून वापरलं गेलं. युद्ध संपल्यावर ते पिशव्या, बरण्या, चादरी होऊन घराघरांत शिरलं.

तिकडे अमेरिकेत केंटकी विद्यापीठात एमरी एमर्ट नावाचे उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. त्यांना हरितगृह हवं होतं आणि काचेला पैसे नव्हते. १९४८ साली त्यांनी लाकडी चौकट ठोकली आणि काचेच्या जागी प्लॅस्टिकचा पातळ पडदा ताणला. पहिला पडदा सेल्युलोज ॲसिटेटचा होता, पॉलिथिन नंतर आलं. प्लॅस्टिकच्या हरितगृहाची सुरुवात तिथून मानतात. आज जगभर शेतात जमिनीवर प्लॅस्टिक अंथरतात, त्यावरही पहिलं काम करणाऱ्यांत हेच गृहस्थ होते.

मी पुस्तक मिटलं आणि स्वस्थ बसून राहिले. दोन हजार वर्षं जी वस्तू पैसेवाल्याची होती, ती बहुतेकांच्या हाती आली कशी? पैसे नसलेल्या एका मास्तराने काचेवाचून भागवलं म्हणून. शोध ऊब धरून ठेवण्याचा नव्हता. ती युक्ती टायबेरियसच्या माळ्यालाही येत होती. शोध होता तो स्वस्त छपराचा.

आता माझ्या लेकीच्या दारापर्यंत यायचं तर आणखी एका जोडप्याची गोष्ट सांगायला हवी. स्कॉट निअरिंग हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. कामाला लावलेल्या लहान मुलांच्या बाजूने बोलत म्हणून १९१५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना काढलं. युद्धविरोधी लिखाणाबद्दल पुढे खटलाही झाला आणि त्यातून १९१९ साली ते सुटले. त्यांची पत्नी हेलन. ही तरुणपणी जे. कृष्णमूर्तींच्या अगदी निकटच्या वर्तुळातली, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. महामंदीत, १९३२ साली, दोघं शहर सोडून व्हरमाँटच्या डोंगरात गेली आणि १९५२ साली मेनला आली. स्वतःच्या हातांनी दगडी घरं बांधली. १९५४ साली त्यांनी या जगण्यावर पुस्तक काढलं आणि १९७० च्या आसपास शहराला विटलेली शेकडो तरुण मंडळी ते वाचून त्यांच्या दारात येऊ लागली. उन्हावर तापणाऱ्या हरितगृहावरही या दोघांचं १९७७ सालचं पुस्तक आहे. स्कॉट १९८३ साली शंभर वर्षं पुरी करून गेले.

त्या तरुणांपैकी एक एलियट कोलमन. १९६८ साली निअरिंगांनी त्याला आपल्या जमिनीतले साठ एकर विकले, आणि विकले तेही स्वतः घेतलेल्या भावाने! सोळा वर्षांत जमिनीचा भाव वाढला असणारच, पण त्यांनी तो वाढवला नाही. आपल्याकडे सख्ख्या भावाला कुणी असा देईल का, हा प्रश्न मी तुमच्यावरच सोडते.

कोलमनने नकाशा पाहिला. त्याची जागा चव्वेचाळीस अंश अक्षांशावर. तोच अक्षांश दक्षिण फ्रान्सचा, जिथे लोक हिवाळाभर हिरव्या भाज्या खातात. म्हणजे सूर्य दोन्हीकडे सारखाच. अडचण उजेडाची नसून वाऱ्याची आणि गारठ्याची आहे. १९९६ च्या जानेवारीत तो आणि त्याची पत्नी बार्बरा त्याच अक्षांशावरून फ्रान्सभर बागा बघत फिरले. त्याची रीत अशी: वर प्लॅस्टिकचं घर, आत रोपांवर हलक्या कापडाचं दुसरं पांघरूण, आणि बाहेरची ऊब अजिबात नाही. त्याचा हिशेब सांगतो की एकेका थराने बाग जणू पाचशे मैल दक्षिणेला सरकते. त्याने काही घरं रुळांवर ठेवली, म्हणजे एका पिकावरून उचलून दुसऱ्यावर नेता येतात. टायबेरियसचे वाफे चाकांवर होते, इथे घरच चाकांवर आलं.

आणि एक गोष्ट मला फार आवडली. दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की रोपांची वाढ जवळजवळ थांबते. मेनमध्ये हा काळ नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. म्हणून पीक त्याआधी वाढवून ठेवायचं आणि मग हिवाळाभर नुसतं काढत राहायचं. छप्पर रोपाला वाढवत नाही, जिवंत ठेवतं. कोलमन या काळाला पर्सेफनीचे दिवस म्हणतो. ग्रीक पुराणात पृथ्वीची लेक पाताळात जाते तेव्हा आई सगळी हिरवळ आवरून घेते, ती ही गोष्ट. माझा फोन बंद असलेले ते बारा दिवस होते, त्यामुळे मी हे जरा जास्तच मनावर घेतलं असेल.

न्यू हॅम्पशायर विद्यापीठात ओथो वेल्स यांनी याच प्रकारच्या घरांवर काम केलं. ब्रेंट लॉय यांच्याबरोबरचा त्यांचा १९९३ सालचा लेख आजही या विषयात वाचला जातो. चूल नाही, पंखे नाहीत, पीक थेट जमिनीत, आत उभं राहून चालता येईल एवढी उंची. यालाच हाय टनेल म्हणतात. आपल्या तळेगावकडच्या गुलाब-जरबेराच्या पॉलिहाऊसचं गरीब भावंड समजा, फक्त काम उलटं. आपल्याकडे छप्पर पाऊस आणि ऊन बाहेर ठेवतं, तिकडे ते दिवसाची ऊब आत ठेवतं. डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा टनेलसाठी लहान शेतकऱ्यांना मदत द्यायची तीन वर्षांची प्रायोगिक योजना जाहीर केली आणि पुढे ती चालू ठेवली. अट एकच मला नीट कळली: पीक जमिनीतच हवं, कुंड्यांत नको.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. होमस्टेड हा शब्द ऐकायला गोड आहे, पण त्याला इतिहास आहे. १८६२ साली लिंकनच्या सहीने होमस्टेड कायदा झाला. पाच वर्षं राहा, कसा, आणि १६० एकर जवळजवळ फुकट घ्या. कोट्यवधी एकर अशी वाटली गेली. ती रिकामी नव्हती. तिथल्या मूळ रहिवाशांकडून ती आधी काढून घेतली होती. मेनमध्ये तो कायदा लागू नव्हता, पण तिथेही पेनॉबस्कॉट आणि पासामाक्वॉडी लोकांना आपल्या जमिनीसाठी भांडावं लागलं आणि १९८० साली संसदेने कायदा करून तो दावा पैशांत मिटवला. लेकीला हे विचारलं तर ती म्हणाली, "ठाऊक आहे आई. ज्या उपसागरावरून आमचा वारा येतो, त्याचं नावच पेनॉबस्कॉट आहे." यावर मी काही बोलले नाही.

प्लॅस्टिकचंही तसंच. स्वस्त छप्पर चार-पाच वर्षांत उन्हाने कुजतं आणि बदलावं लागतं. स्पेनमध्ये अल्मेरियाला सुमारे तीस हजार हेक्टर जमीन अशा प्लॅस्टिकखाली आहे, अवकाशातून पांढरी दिसते. युरोपला हिवाळ्यात तिथून टोमॅटो जातो. मागे उरतो तो प्लॅस्टिकचा कचरा आणि आफ्रिकेतून आलेल्या मजुरांचे हाल. एमर्ट मास्तरांच्या मनात हे नसणार. पण वस्तू स्वस्त झाली की ती कुणाकुणाच्या हाती जाईल, हे शोधणाऱ्याच्या हातात राहत नाही.

तर बाराव्या दिवशी मीच फोन लावला. भांडायला घेतलेली वही हातात होती. "अगं, तुझ्या टनेलच्या कमानी गोल होत्या ना? टोकदार का नव्हत्या?" ती काही क्षण गप्प राहिली आणि मग हसायलाच लागली. म्हणाली, "जुना सांगाडा होता, मिळाला तसा घेतला. गोल कमानीवर माथ्याला बर्फ साठतो. आणि आम्ही दोन्ही बाजूंचा ढीग उपसला नव्हता, मग वरचा बर्फ घसरणार कुठे?" चूक त्यांना आधीच कळली होती. माझ्याकडून फक्त "पुरे कर" यापेक्षा वेगळं काही हवं होतं.

गेल्या वर्षी सप्टेंबरात मी तिकडे गेले. नवं टनेल उभं करायचं ठरलं होतं, सरकारी योजनेत. पैसे काम पुरं होऊन तपासणी झाल्यावर मिळतात, म्हणून आधी उसने काढले. आकार तीस फूट रुंद, बहात्तर फूट लांब. कमानी या वेळी टोकदार, आणि सहाऐवजी चार-चार फुटांवर. बर्फाचा हिशेब जावयाने मला कागदावर करून दाखवला. एक फूट ओला बर्फ, दर चौरस फुटाला पंधरा पौंड धरले तरी सगळ्या जागेवर मिळून पंधरा टनांच्या आसपास वजन! मागच्या सांगाड्याची मला दयाच आली.

पहिलं काम चारी कोपरे काटकोनात बसवायचं. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, आणि टेपचं एक टोक माझ्या हातात. जावई दुसऱ्या कोपऱ्यातून ओरडला, "आई, सेव्हंटी-एट?" मी बघितलं. बरोबर अठ्ठ्याहत्तर फूट. गणित माझा विषय नव्हे, पण तीस, बहात्तर, अठ्ठ्याहत्तर म्हणजे पाच, बारा, तेराच की! ही जोडी बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे, यज्ञवेदी दोरीने आखण्यासाठी. मी जावयाला सांगितलं. तो म्हणाला, "मग तुमच्या बौधायनाने या कोपऱ्याला सही केली असं समजू." आठवडाभर त्या खुंटीला आम्ही बौधायन म्हणत होतो.

खांब ठोकून, कमानी बसवून, मधली आढी आणि कडेच्या फळ्या लावण्यात तीन आठवडे गेले. माझं काम स्क्रू मोजून देण्याचं आणि चहाचं. प्लॅस्टिक चढवायचं ते वारा नसताना, नाहीतर एवढी चादर माणसांना घेऊन उडते. पहाटे शेजारची आठ माणसं आली. मोज्यात टेनिसचा चेंडू घालून त्याला दोरी बांधली आणि तो कमानींवरून पलीकडे फेकला. अशा पाच दोऱ्या. मग एका सुरात ओढायला सुरुवात. मीही एका दोरीला हात लावला होता, ओढ किती लागली ते विचारू नका. पांढरी चादर सावकाश माथ्यावर चढली आणि पलीकडे उतरली. कडेच्या पट्टीत नागमोडी तार दाबून ती पक्की केली. आत गेले तर नऊच्या उन्हात अंगातला स्वेटर काढावा लागला.

मला तेव्हा वडील आठवले. पिकावर छप्पर घालता येतं, ही कल्पना त्यांच्या डोक्यात कधी आली असेल का? आली असती तरी कसलं घालणार होते? गव्हाच्या रानावर छप्पर आजही कुणी घालत नाही. ज्यांचं पीक उघड्यावर आहे त्यांचा प्रश्न टनेलने सुटलेला नाही, हेही मला कळतं. पण ओट्यावर बसून नुसतं बघत राहण्यापेक्षा पुढच्या खेपेला कमानी चार फुटांवर घालणं बरं, एवढं आता मान्य करते.

या जानेवारीत लेकीने एका सकाळी व्हिडिओ लावला. बाहेर उणे वीस. टनेलच्या दोन्ही बाजूंना बर्फ उपसून केलेली वाट, आठवड्यातून दोनदा पहाटे चारला उठून केलेली. आत पांघरुणाखाली पालक काचेसारखा कडक गोठलेला. "मेला का गं?" मी घाबरून विचारलं. "थांब," ती म्हणाली. "याला आत्ता हात लावायचा नाही." दहा वाजता पुन्हा फोन केला. पानं सैल झाली होती, ताठ उभी होती. तिने एक तोडून खाल्लं. थंडीने गोडी येते म्हणे. मग बाजारासाठी टोपलीभर काढला. पर्सेफनीचे दिवस संपायला अजून तीन आठवडे होते.

उसने पैसे फिटायचे आहेत. प्लॅस्टिक चार-पाच वर्षांनी बदलावं लागेल, तेव्हा जुन्याचं काय करायचं यावर दोघांचं अजून एकमत नाही. पुढच्या ओल्या बर्फात काय होईल ते तेव्हाच कळेल. मी तिला "पुरे कर" म्हणणार नाही, एवढं इथे सगळ्यांदेखत लिहून ठेवते. म्हणजे मोडलं तर तुम्ही मला आठवण द्याल.

धाकट्या जावेसाठी ता.क. : पालक मिळाला का, असं विचारू नकोस. तो शनिवारीच विकला गेला.